ओळ क्रमांक दोनशे चौदा

गुजराती रकाना धर्मिष्ठाने अर्ध्या मिनिटात भरला: एप.
आणि चहाला खाली गेली.
मराठी रकाना माझ्याकडे आहे
सोमवारपासून.

आमच्याआधी कुणा यंत्राने हे काम केलं होतं.
त्याला ॲप्लिकेशन म्हणजे अर्ज, एवढंच ठाऊक.
म्हणून दांडिया बाजारच्या पतपेढीत
निर्मलाताई टिपणिसांच्या पडद्यावर एका दुपारी उमटलं:
अर्ज प्रतिसाद देत नाही.
थांबायचं आहे की अर्ज बंद करायचा?
ताईंनी चष्मा पुसला.
म्हणाल्या, हे मला नवीन सांगताय होय?
ह्यांच्या पेन्शनचा अर्ज सहा वर्षं प्रतिसाद देत नाहीये
आणि मी थांबलेच आहे.

तर अर्ज नको.

अनुप्रयोग घेतला. बरोबर आहे, शुद्ध आहे,
कोरं धोतर नेसून आलेल्या परीक्षकासारखा
खुर्चीच्या टोकावर बसतो, पाणीसुद्धा घेत नाही.
त्याच्याआधी जालीय लावलं
तर जाळ्याचा वास येतो, नाहीतर जाळाचा.
उपयोजन म्हटलं की योजना ऐकू येते,
लगेच कुणीतरी शिधापत्रिका मागेल.
संकेतस्थळ मात्र मला कायम आवडत आलंय,
दोघांनी ठरवून भेटायची जागा;
पण तिथे भेटतं कोण, तर वीजबिल.
शिवाय ते स्थळ झालं. मला नाव हवंय त्याचं
जे माझ्या यंत्रात नाही, माझ्या खोलीत नाही,
बोलावलं तर दारात येत नाही,
मीच जाते, बसल्या जागेवरून,
आणि काम झालं की परतते.

पणजोबा संस्थानच्या भाषांतर खात्यात होते.
एका कलमातल्या एका शब्दासाठी
तीन तीन आठवडे खल चाले, असं घरात सांगतात.
मला गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत वेळ आहे.

बुधवारी पतपेढीत गेले.
ताई नव्या मुलीला समजावत होत्या:
"अगं, आधीचं होतं ना, ती घरघंटी.
आपल्याच टेबलाखाली, बिघडली की आपलंच डोकं.
हे घंटीवर जाण्यासारखं.
डबा न्यायचा, दळून आणायचा.
घंटी काय कुणी घरी उचलून आणतं?"

घंटी, म्हणजे गिरणी. आम्हा बडोदेकरांची.
पुण्याचा माणूस उठून दार उघडेल.

मी उभीच राहिले.
डब्यावर खडूने लिहिलेलं आडनाव, ते आपलं खातं.
आधी कुणाची बाजरी पडली असेल
तर आपल्या गव्हाला तिची करडी छटा,
आणि दर खेपेला मूठभर पीठ
दगडांच्या फटीत, फडक्यात, गिरणीवाल्याच्या भुवयांत राहतं,
त्याचा हिशोब आपण मागत नाही.
हेही त्या शब्दात न सांगता आलं.

गुरुवारी पावणेसहाला लिहिलं: गिरणी.
मग खालच्या ओळी वाचून पाहिल्या.
गिरणी उघडा.
गिरणीतून बाहेर पडा.
गिरणी प्रतिसाद देत नाही, थोड्या वेळाने या.
हसू आलं, पण एकही ओळ खोटी वाटेना.

सहाला दोन मिनिटं असताना बंगळूरहून निरोप:
शब्द ठरलेल्या यादीत नाही. वेब ॲप ठेवावा.
ठेवला.

ॲक्टिव्हाच्या पायाशी सकाळपासून गव्हाचा डबा होता.
रावपुऱ्यात घंटीवर थांबले.
वीज गेलेली, पट्टा लोंबता,
बाकावर दोन बायका, एक रिकामी गोणी.
गिरणीवाल्याच्या पोराने फोनमधून मान वर केली,
"सर्वर डाउन छे, बेन,"
आणि माझा डबा पायाने रांगेत सरकवला.